खालच्या मजल्यावरच्या आजी "मुलगा गेन्की आहे हं" म्हणाल्या, याचा अर्थ काय घ्यायचा?

समईची_वात | ४ जून, रात्री १०:४२

आम्ही तोक्योत, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला राहतो. जपानमध्ये नऊ वर्षं झाली, या घरात २०२१ पासून आहोत. तिसरा मजला. मुलगा चार वर्षांचा, आणि तो चालत नाही, पळतोच.

आमच्या बरोबर खाली एक आजी एकट्या राहतात. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. मागच्या शुक्रवारी लिफ्टमध्ये भेटल्या. मुलाकडे बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, "गेन्की देसु ने." म्हणजे काय खणखणीत आहे हो पोरगा, छान हुंदडतो. मी खूश होऊन आभार मानले आणि घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मंगळवारी पत्रपेटीत इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा कागद. 'सेइकात्सु-ओन' म्हणजे रोजच्या वावरातल्या आवाजांबद्दल सर्व रहिवाशांना विनंती. रात्री ९ नंतर वॉशिंग मशीन लावू नये, खुर्च्या ओढू नयेत, आणि मुलांच्या धावण्याचा आवाज खालच्या घरात जातो याची कृपया काळजी घ्यावी. कुणाचं नाव नाही, घराचा नंबर नाही. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आलाय. मुलगा उठला की मीच आधी धावते, "हळू, हळू" करत.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. नवीन बिऱ्हाडाने वर, खाली आणि दोन्ही बाजूंच्या घरी छोटीशी भेट घेऊन ओळख करून द्यायची ही इथली रीत. आम्ही आलो तेव्हा कोरोना होता, कुणाचं दार वाजवणंच नको वाटायचं. ते राहिलं ते राहिलंच.

तर विचारायचं असं: हा कागद आजींच्या तक्रारीवरून आला असेल का? त्यांचं ते वाक्य कौतुक होतं की सूचना? आणि इतक्या वर्षांनी आता त्यांच्या दारात जाऊन उभं राहिलं तर बरं दिसेल का?

---

हिरवी_वेलची | ४ जून, रात्री ११:०५

अगदी अगदी. आमच्याकडे मुलगी दोरीवरच्या उड्या शिकत होती तेव्हा असाच कागद आला होता. वाचतेय, उत्तरं मलाही हवी आहेत.

---

निवांत_नागोया | ४ जून, रात्री ११:३०

इतकं मनाला लावून घेऊ नका. मार्च-एप्रिल हा इथे घरं बदलण्याचा मोसम, नवीन भाडेकरू आले की थोड्या दिवसांनी असे कागद सगळीकडे फिरतात. आमच्याकडे दरवर्षी येतो आणि आम्ही दोघंच आहोत, पळणारं कुणी नाही.

---

मुळामुठा | ५ जून, सकाळी ७:१८

कावासाकीत १४ वर्षं झाली, त्यातली ६ दोन मुलांसह. स्पष्टच लिहितो: मला वाटतं कागद तुमच्यासाठीच होता.

इथे पद्धत अशी चालते. खालचा माणूस वर येऊन सहसा बोलत नाही. तो कंपनीला फोन करतो. कंपनी पहिल्यांदा सगळ्या घरांना एकच कागद टाकते, म्हणजे कुणाकडे बोट दाखवलं असं होत नाही. ज्याचं त्याला कळतं. तरी आवाज राहिला तर पुढचा फोन थेट तुम्हाला येतो. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात, काही बिघडलेलं नाही.

आता काय करायचं ते. 'काशिओरी' म्हणजे मिठाईचा बांधीव खोका घ्या, हजार ते दोन हजार येनचा. त्याहून महाग नको, समोरच्याला परतफेडीचं ओझं होतं. प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला, टिकाऊ, आणि ४ नगांचा नको. चारला 'शि' म्हणतात आणि मृत्यूलाही 'शि'. सकाळी ११ ते १२ नको, संध्याकाळी ५ नंतर नको, स्वयंपाकाच्या वेळा असतात. दुपारी तीनच्या सुमारास जा. खोका पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्या. दारातच बोला, आत बोलावलं तरी पहिल्या खेपेला जाऊ नका. आणि मुलाला नक्की बरोबर न्या. आवाजाला चेहरा मिळाला की तो आवाज कमी टोचतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

वाक्य पाठ करून जा: "इत्सुमो ओसावागासे शिते सुमिमासेन." आमच्यामुळे नेहमी गडबड होते, माफ करा. कागदाचा विषय अजिबात काढू नका. "तक्रार तुम्ही केलीत का" हे तर नाहीच नाही.

---

कामोगावा | ५ जून, सकाळी ९:५१

@मुळामुठा, कसं जायचं हे सगळं पटलं. पण "कागद तुमच्यासाठीच होता" हे इतक्या खात्रीने कसं म्हणता येईल? त्यांनी लिहिलंय, आजी हसल्या. ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईला इमारतीत एक लहान मूल दिसलं आणि ती म्हणाली छान आहे. त्यात उलटा अर्थ शोधायचाच का?

मी क्योतोत ११ वर्षं आहे. क्योतोच्या माणसांबद्दल तर साऱ्या जपानात सांगतात की त्यांनी "बुबुझुके घेता का" असं विचारलं की उठायची वेळ झाली समजावं. (बुबुझुके म्हणजे चहा ओतलेला भात.) आणि "तुमच्या मुलीचा पियानो छान व्हायला लागलाय" म्हणजे आवाज बंद करा. ११ वर्षांत मला एकदाही कुणी बुबुझुके विचारला नाही. शेजारच्या काकूंनी मुलीच्या पियानोचं कौतुक केलं तेव्हा मी आठवडाभर झाकण उघडू दिलं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, मुलगी आजारी आहे का, वाजवणं ऐकू येत नाही. त्यांना खरंच आवडत होतं! संशयापायी माझ्या मुलीचे सात दिवस गेले, म्हणून हे इतकं तळमळून लिहितेय.

---

दगडफूल | ५ जून, दुपारी १२:४०

सरळ सांगायला काय जातं हो या लोकांचं? मी फुकुओकात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिसरं वर्ष. मीटिंगमध्ये "केन्तो शिमासु", विचार करू, म्हणाले की समजायचं नाही. "चोत्तो..." म्हणून वाक्य हवेत सोडलं की तेही नाही. मला दीड वर्ष लागलं हे कळायला, तोवर मी "विचार झाला का?" म्हणून आठवणीच्या ईमेल पाठवत होतो. त्यातला एकजणही म्हणाला नाही की बाबा रे, थांबव. पुण्यात असतं तर जिन्यातच पाटी लागली असती, "वरच्यांनी मूल आवरावे".

---

आजोळ | ५ जून, दुपारी १:२२

@दगडफूल, पाटीचं वाचून खूप हसले :) पण आपण तरी कुठे सगळं सरळ सांगतो? स्थळ नको असलं की "पत्रिका जुळत नाही". लग्नाला जायचं नसलं की "बघू, जमवतो". भरल्या ताटावर तीनदा "नको नको" म्हणणारा पाहुणा खरं म्हणजे अजून एक पोळी घेणार असतो, आणि वाढणारीला ते माहीत असतं. आपल्याला आपलं आडून बोलणं आडून वाटत नाही, कारण ते आईच्या दुधाबरोबर आलंय. यांचं शिकावं लागतं, म्हणून ते टोचतं.

---

दगडफूल | ५ जून, दुपारी १:३५

पत्रिकेचं मान्य. आता काही बोलायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.

---

शब्दवेडी | ५ जून, दुपारी ३:०४

थोडं अवांतर, पण त्या "ने" वर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी ओसाकात परदेशी लोकांना जपानी शिकवते. "गेन्की देसु ने" मधला "ने" हा आपला "ना" किंवा "नाही का" आहे. "आत्सुई देसु ने": उकडतंय ना. तो उत्तर मागत नाही, सोबत मागतो. त्यावर "हो ना" एवढंच म्हणायचं असतं. म्हणून समई, तुम्ही आभार मानलेत ते चुकलं नाही, पण "सोऽ नान देसु, खूप धावतो, तुम्हाला त्रास होत असेल" असं पुढे जोडलं असतंत तर आजींना बोलायला वाट मिळाली असती.

आणि घरातून निघताना म्हणायचं "इत्ते किमासु", शब्दशः "जाऊन येतो". आपल्याकडेही "जातो" म्हटलं की आजी ओरडायची, "येतो म्हण." क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, "पिकापिका"ला चकचक आणि "दोकिदोकि"ला धडधड. मराठी विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, त्यांची अर्धी भीती तिथेच जाते.

---

कोपऱ्यातला | ५ जून, रात्री ८:४७

सगळं इतकं गोड गोड होतंय म्हणून लिहितो. मी चिबात राहतो. घर शोधत होतो तेव्हा एजंट माझ्यासमोर बसून एकेका मालकाला फोन लावायचा आणि पहिलंच वाक्य, "गिऱ्हाईक परदेशी आहे, चालेल का?" मग तो मान हलवून पुढचा कागद काढायचा. आठ फोन झाले तेव्हा दोघांनी हो म्हटलं. पगार, नोकरी, हमी देणारी कंपनी, सगळं होतं. वर एका महिन्याच्या भाड्याइतकं 'रेइकिन', म्हणजे मालकाला आभाराचे म्हणून द्यायचे, कधीच परत न मिळणारे पैसे.

तो नकार कुणी तोंडावर दिला नाही, आवाज चढवला नाही. तरी घरी येऊन मी जेवलो नाही. त्यामुळे आज समईंच्या पोटात जो गोळा आहे तो मला समजतो. शेजाऱ्याच्या एका कागदाने "आपण इथे चालतो की नाही" हा जुना प्रश्न परत वर येतो. देशात असतो तर एवढं वाटलं नसतं.

---

समईची_वात | ५ जून, रात्री ९:३०

@कोपऱ्यातला, हेच. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. मुलाला "हळू" म्हणताना मी त्याला नक्की काय शिकवतेय, ही भीती आहे.

@मुळामुठा, वाक्य फ्रिजवर लावलंय. @कामोगावा, तुमच्या मुलीचा पियानो वाचून डोळे भरून आले.

---

माळावरचा_वड | ६ जून, सकाळी ६:५५

आमचं गाव तोचिगीत, शेतं आणि सुटी सुटी घरं. इथे शेजार पुरता वेगळा. पहिल्या महिन्यात कचऱ्याच्या दिवशी माझी पिशवी तशीच पडून राहिली, वर लाल चिकटपट्टी. प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं आणि वेष्टणं काढायची असतात ते मी केलं नव्हतं. शेजारचे आजोबा आले, पिशवी उघडली आणि एकही शब्द न बोलता माझ्यासमोर एकेक बाटली सोलून दाखवली. मग कावळ्यांसाठीची जाळी कशी दाबायची तेही. लाज वाटली, पण शिकलो.

पुढे चोनाइकाइत, म्हणजे वस्तीच्या मंडळात, पाळीने माझ्याकडे आमच्या गल्लीचं 'हानचो'पद आलं. वर्षभर वर्गणी गोळा करायची आणि 'काइरानबान' फिरवायचं. काइरानबान म्हणजे सूचनांचे कागद लावलेला पुठ्ठा. आपण वाचायचा, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचा. मी आधी तो दाराला अडकवून निघून यायचो. एका आजींनी हटकलं: घंटी वाजवत जा, पुठ्ठ्याच्या निमित्ताने तरी माणूस दिसतं. तेव्हा कळलं, निम्मं काम सूचनांचं आणि निम्मं म्हातारी माणसं धडधाकट आहेत ना हे बघण्याचं.

शहरातल्या इमारतींत हा पुठ्ठा फारसा फिरत नाही. म्हणून तिथे कंपनीचा कागद येतो.

---

उराच्या_उरावर | ६ जून, सकाळी १०:१२

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते, कारण "गेन्की" शब्दाशी माझं एक नातं आहे.

११ मार्च २०११ ला आम्ही उरायासुमध्ये होतो. मुलगी आठ महिन्यांची. दुपारी २:४६ ला हलायला लागलं ते थांबेचना. उरायासुचा मोठा भाग समुद्रात भराव घालून केलेला. जमिनीतून चिखल-पाणी वर आलं, रस्ते उसवले, विजेचे खांब कलले. नवरा तोक्योत अडकला, गाड्या बंद, फोन लागेनात. मी मुलीला घेऊन जिन्यात बसले होते.

खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याशी दोन वर्षांत मान लववण्यापलीकडे काही झालं नव्हतं, वर आल्या. पहिलं वाक्य: "नळाला अजून पाणी आहे, आंघोळीचा टब भरून ठेव." तो भरला म्हणून पुढचे दिवस निभले, कारण पाणी गेलं ते खूप दिवस आलं नाही. टँकरच्या रांगेत त्या माझी बादली धरून उभ्या राहायच्या. रात्री मुलगी जिवाच्या आकांताने रडायची. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "नाकु नो वा गेन्की ना शोको." रडतेय म्हणजे धडधाकट आहे, त्याचीच ती खूण. "ती गप्प झाली असती तर मला झोप लागली नसती."

१९९५ च्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. इथे शेजारी कुठल्या खोलीत झोपतो हे माहीत असणं जिवाच्या कामाचं असतं. समई, तुझ्या खाली एक एकटी म्हातारी बाई आहे. तक्रार तिची असो नसो, तू जा.

---

मुळामुठा | ६ जून, सकाळी १०:४०

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं "मिठाईचा खोका, तीन वाजता" हे सगळं याच्यापुढे फारच छोटं आहे. समई, नक्की जा.

---

हिरवी_वेलची | ६ जून, सकाळी ११:१५

काय न्यायचं ते ठरलं का? उन्हाळा आहे तर मिझु-योकान बघा. लाल चवळीसारख्या अझुकीचं, समुद्री शेवाळापासून केलेल्या अगर-अगरवर बेतलेलं, गार करून खायचं. म्हाताऱ्या माणसांना चावायला त्रास नाही आणि शाकाहारीही आहे. घरचे लाडू पहिल्या भेटीत नकोत, अनोळखी हातचं खायला कचरतात.

घरासाठी: फोमच्या चौकोनी जोडचटया मिळतात, मार्गिकेत अंथरा, कारण पोरं तिथेच पळतात. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे. माझ्या घरी एवढ्याने खूप फरक पडला.

---

आजोळ | ६ जून, दुपारी १२:०२

भेटीवरून आठवलं. इथे लग्नात अहेर ३० हजार येन, कोऱ्या नोटा, आणि आकडा विषम हवा, म्हणजे जोडीला दोन भाग करता येऊ नयेत. आपला वरचा एक रुपया आठवला. अंत्यविधीला मात्र वापरलेल्या नोटा द्यायच्या. कोऱ्या दिल्या तर आधीपासून तयारी करून ठेवली होती असं दिसतं. हे कळल्यावर मी पाकीट हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले होते. नोटेच्या घडीचाही इतका विचार करणारी माणसं आहेत ही.

---

शब्दवेडी | ६ जून, दुपारी १२:३०

अवांतरात भर: असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती, आणि त्याला वाहतात मुळा. पांढरा, जाडजूड. जानेवारीत ७ तारखेला मुळ्याचा उत्सव असतो. समई, तुम्हाला निशी-कासाईहून लांब नाही, मुलाला घेऊन जा एकदा.

---

समईची_वात | १५ जून, रात्री ८:२०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. काल दुपारी तीनला गेलो, मी आणि मुलगा. मिझु-योकानचा ६ नगांचा खोका.

आजींनी दार उघडलं. मी वाक्य म्हटलं, मध्येच अडखळले, मुलाने माझ्याकडे बघून "सुमिमासेन" म्हणत इतका खाली वाकून नमस्कार केला की टोपी पडली. आजी म्हणाल्या, "इये इये, ओतागाइसामा देसु." आपण सगळे एकमेकांना कधी ना कधी त्रास देतोच. मग त्यांनी मुलाचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं.

आणि मग एक गोष्ट सांगितली. मुलगा रोज सकाळी ७:४० ला बालवाडीत जायला दाराकडे धावतो, तो आवाज आला की त्या चहा ठेवतात. गोल्डन वीकच्या सुट्टीत आम्ही फिरायला गेलो होतो तेव्हा चार दिवस आवाज नव्हता, तर त्यांना वाटलं कुणी आजारी आहे का.

तक्रार त्यांची होती का? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या की त्या हल्ली ९ ला झोपतात. ते मी ऐकलं. आज जोडचटया आल्यात.

आज सकाळी आमच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली होती. पाच काकड्या आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी पूर्ण हिरागानात, म्हणजे सोप्या उच्चारी लिपीत लिहिलेली, एकही कांजी, म्हणजे अवघड चिनी चिन्ह, नाही, मला वाचता यावी म्हणून. मी कांजी वाचते, पण ती चिठ्ठी आता जपून ठेवणार आहे.

---

कामोगावा | १५ जून, रात्री ८:३१

काय लिहू. मुलीला वाचून दाखवलं.

---

कोपऱ्यातला | १५ जून, रात्री ८:३८

७:४० चं वाचून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

---

दगडफूल | १५ जून, रात्री ८:४४

"९ ला झोपतात" हे कळलं मला. तीन वर्षांत पहिल्यांदा एका फटक्यात कळलं!

---

समईची_वात | १५ जून, रात्री ८:४९

@मुळामुठा, आता काकड्यांच्या बदल्यात परत काही न्यायचं का? की ते जास्त होईल?

---

मुळामुठा | १५ जून, रात्री ८:५३

लगेच नको, नाहीतर दोन्ही घरं खोके वाहत बसतील. भेटल्यावर काकड्यांचं काय केलंत ते मात्र नक्की सांगा, पहिलं वाक्य तेच हवं. गणपतीत मोदक न्या. तोवर ओळख झालेली असेल, घरचं चालेल.

---

समईची_वात | १५ जून, रात्री ८:५८

काकड्यांची खमंग काकडी केली, दाण्याचा कूट घालून. सांगेन त्यांना. आता थांबते, ९ वाजत आले, चटया अंथरायच्या आहेत.